चार वाजून दहाचा धक्का

गुरुपादप्पा मास्तर खोटं बोलले असं मला आयुष्यात एकदाच वाटलं, आणि तेव्हा मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी मान खाली घालून चहाच्या बशीकडे बघत बसलो.

आनंद का, ते सांगतो. आमच्या किल्लारीत, म्हणजे भूकंपानंतर वसवलेल्या नव्या किल्लारीत, आमची गल्ली दोन माणसांसाठी ओळखली जाते. एक मास्तर. चाळीस वर्षं गणित शिकवलं, खोटा शब्द तोंडातून गेला नाही. दुसरा मी, रामलिंग. माझ्या तोंडून खरा शब्द गेला नाही असं लोक म्हणतात. हे लोकांचं खोटं आहे. मी खरंच बोलतो, फक्त त्याला जराशी फोडणी घालतो. पंच्याण्णवच्या एका बारक्या धक्क्यात माझी म्हैस उभ्या उभ्या अशी घुसळली गेली की पुढं आठ दिवस तिनं ताक दिलं, एवढंच मी एका पेपरवाल्याला सांगितलं होतं. त्यानं ते छापलं. तेव्हापासून मी 'पाऊस येऊन राहिला' म्हटलं तरी लोक आधी वर बघतात आणि मग वाळवण उचलतात.

मास्तरांचं उलटं. त्यांच्याकडे एक वही होती. त्र्याण्णवपासून गावाला बसलेला प्रत्येक धक्का त्यात टिपलेला: तारीख, वेळ, किती लांबला, कुठली भांडी वाजली. अक्षर छापल्यासारखं, ओळ फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ. दर महिन्याला त्या वहीतली नक्कल ते लातूरच्या भूकंप मोजायच्या कचेरीला पोस्टकार्डानं पाठवत, आणि कचेरीतले साहेब उलट टपाली त्यांच्या यंत्राचं काय म्हणणं आहे ते कळवत. चौदा वर्षांत एकदाही दोघांत फरक पडला नव्हता. मग गल्लीनं मास्तरांनाच यंत्र मानलं तर नवल काय. नियमही त्यांचाच: धक्का बसला की सगळ्यांनी बाहेर यायचं, आणि मास्तरांच्या घड्याळात पुरा तास झाल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही. मागून दुसरा धक्का येतो म्हणून.

तो दिवस फेब्रुवारीतला, २००८ सालचा. मास्तर ओसरीवर बसून बारावीचे सराव पेपर तपासत होते. त्यांचा मुलगा बसवराज लातुरात क्लास चालवायचा. तेव्हा लातुरात दर दुसऱ्या घरावर क्लासची पाटी आणि दर तिसऱ्या घरात पोरांची मेस, अशी गत होती. बसवराज आठवड्याला जीप भरून पेपर घेऊन यायचा आणि बापाकडून तपासून न्यायचा. मी समोर बसून चहा पीत होतो, म्हणजे मास्तरांना कामात व्यत्यय आणत होतो. मास्तरांच्या मंडळींनी, जगदेवीवैनींनी, दिलेला चहा मी बशीत ओतून, बशी फरशीवर निवत ठेवली होती. काठोकाठ भरलेली, वर साय धरलेली.

मास्तरांनी एकदम खांब धरला.

"बाहेर व्हा," ते म्हणाले. "भुई हलून राहिली."

मी पहिल्यांदा बशीकडे बघितलं. सायीला सुरकुती नव्हती.

मास्तर उठले, भिंतीला चाटून चालत अंगणात गेले आणि लिंबाखालच्या बाजेवर बसले. वैनींनी थाळी वाजवली. पाच मिनिटांत सगळी गल्ली रस्त्यावर. बसवराज आत झोपला होता, तो तसाच उघड्या अंगानं बाहेर आला. मास्तरांनी वही मागितली, घड्याळ बघितलं, चार वाजून दहा मिनिटं, धक्का, अशी नोंद केली, आणि म्हणाले, "तासभर कुणी आत जायचं न्हाई."

मी बशी हातात घेऊन, एक थेंब न सांडता त्यांच्यामागे आलो आणि मनात म्हटलं, वा मास्तर. तीनशे पेपरांचा कंटाळा आला तर माणसानं डोकं दुखतंय म्हणावं. तुम्ही थेट भूकंप घडवला. चाळीस वर्षांनी माझ्या शाळेत नाव घातलंत.

पुढचं आणखी मजेचं होतं. न झालेला भूकंप सगळ्यांना जाणवला होता. समोरचा रेवणप्पा सांगत होता, "माझ्या घरची भांडी वाजली की. हंडा तर पार खाली येऊन राहिला होता." दुसरा म्हणाला, त्याचा बैल दावं तोडायला बघत होता. एका बाईला तर आधी कुत्री रडलेली ऐकू आली होती. त्या दिवशी मला कळलं की गल्लीत माझ्याहून मोठे थापाडे आहेत. फक्त त्यांना मास्तरांचा परवाना लागतो.

मी बाजेपाशी जाऊन हळूच म्हटलं, "मास्तर, बेस जमलं. म्हशीच्या ताकाचं तेवढं ऱ्हायलं."

एरवी अशा बोलण्यावर ते म्हणायचे, "रामलिंग, कान धरून उभा ऱ्हा." हे ते मला मी साठ वर्षांचा झाल्यावरही म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघत, म्हणजे माझ्या कानाशेजारी कुठंतरी बघत म्हणाले, "अजून हलूनच राहिलंय, रामलिंग."

इथं माझा आनंद संपला. खोटं बोलायचं माझं शास्त्र पक्कं आहे. खोटा भूकंप मोजका हलवावा लागतो, दहा सेकंद, फार तर पंधरा. सगळे रस्त्यावर उभे असताना 'अजून हलतंय' असं कोणताही शहाणा थापाड्या म्हणणार नाही, कारण ऐकणाऱ्याच्या पायाखाली भुई असते. म्हणजे मास्तर खोटं बोलत नव्हते. आणि बशी तर माझ्या हातात होती.

मी वही उघडली. वरच्या सगळ्या ओळी नेहमीसारख्या सरळ. शेवटची, चार वाजून दहाची, डावीकडून निघाली आणि उतारावरच्या बैलगाडीसारखी खाली घसरत पानाच्या काठाबाहेर गेली होती. वेळेतलं शून्य नीट मिटलंसुद्धा नव्हतं.

वैनींनी पाणी दिलं. मास्तरांना जोराचा ठसका लागला. दुसऱ्या घोटालाही लागला. मग त्यांनी पेपर मागितला, लाल पेन उजव्या हातात धरलं आणि खूण करायला गेले, तर पेन पेपरावर न पडता बाजेच्या सुंभात रुतलं.

"बसवराज," मी म्हटलं, "जीप काढ. आप्पाला लातूरला ने."

"का?"

"भूकंप झालाच न्हाई. जे हललं ते आप्पाच्या डोक्यात हललं."

बसवराजनं माझ्याकडे असं बघितलं, की त्याच्या जागी मी असतो तर मीही तसंच बघितलं असतं, हे मला कबूल करावं लागलं. "काका," तो म्हणाला, "सरकार भूकंपाच्या घरांना दुसरा दरवाजा फुकट देऊन राहिलंय, हे तुम्हीच सांगितलं होतं ना मला? औशाच्या तहसीलला दोन दिवस लायनीत होतो मी. घरचा दरवाजा मोजून नेला होता."

"ते वेगळं."

"आप्पा घाबरलेत. बीपी वाढलं असंल. तास होऊ द्या, मग बघू."

"तास होऊ दे," मास्तर बाजेवरून म्हणाले. पण त्यांची जीभ जाड झाली होती. 'तास' मधला 'स' कुठं तरी दाताखाली राहिला.

म्हणजे पंचाईत बघा. मास्तरांना उठवायचं तर मास्तरांचाच नियम आडवा. गल्ली खऱ्या माणसाचं ऐकून त्याला मरू द्यायला तयार, आणि जगवायला निघालेला कोण, तर म्हशीच्या ताकवाला. मी रेवणप्पाला बशी दाखवली, साय दाखवली. तो म्हणाला, "बशीचं काय घेऊन बसला, माझा हंडा विचार."

खरं सांगून उपयोग नाही हे कळायला मला पाच मिनिटं लागली. एवढी लागायला नको होती.

मी खिशातून मोबाईल काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "लातूरच्या कचेरीलाच विचारतो." पत्र्याच्या शेडमागं गेलो. माझ्या फोनमध्ये बॅलन्स कधीच नसतो, तो मी फक्त आलेले फोन घ्यायला बाळगतो. तरी कानाला लावला, मोठ्यानं नमस्कार साहेब म्हटलं, मास्तरांच्या पोस्टकार्डाची ओळख दिली, चार-दहा ही वेळ दोनदा सांगितली, थोडा थांबलो, हाव हाव म्हटलं आणि परत आलो.

"सुई हललीच न्हाई म्हणतात," मी म्हणालो. "सकाळपासून कागद कोरा हाय. साहेब म्हणाले, आमच्या यंत्राची काळजी करू नका, तुमच्या मास्तरांना डॉक्टरकडं न्या. लगेच."

ते शेवटचं माझं. फोडणी.

बसवराज बापाकडे बघता बघता जीप काढायला उठला.

"तरी म्हटलं," रेवणप्पा म्हणाला, "हंडा जरा हळूच वाजला."

पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना आम्ही निघालो. जीपमध्ये मागं पेपरांचे गठ्ठे होते, त्यांच्यावरच गोधडी टाकून मास्तरांना आडवं केलं. वैनींनी चष्मा आणि वही घेतली, कारण ही दोन सोडून मास्तर कुठं जात नसत. रस्ताभर ते एकच विचारत होते, "तास झाला का?"

लातुरात बसवराजच्या ओळखीचा दवाखाना होता. तिथं डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी काच उजळून फिल्म बघितली आणि म्हणाले, "एकदम स्वच्छ. काहीही नाही. चक्कर आहे, वयोमानानं येते. गोळ्या देतो, घरी न्या."

बसवराजनं एवढा मोठा श्वास सोडला की माझ्या अंगावर आला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात औशाची सगळी लाईन होती.

मला मात्र त्या फिल्मचाच संशय आला. एवढी स्वच्छ साक्ष मी फक्त पढवलेल्या साक्षीदाराची ऐकली आहे. समोर माणूस बसल्या जागी डावी-उजवीकडे झुलतो आहे, उजवा हात नाकाला लावायला सांगितला तर कानाला लावतो आहे, आणि कागद म्हणतो काही नाही. मी विचारलं, "डॉक्टर, ह्या फोटोत आत्ताच झालेलं दिसतं का?"

डॉक्टरांनी फिल्म परत काचेवर लावली. "फार लवकर असेल तर नाही दिसत. त्यातून मागच्या बाजूचं. तुम्हाला फारच शंका असेल तर रस्त्यापलीकडं एमआरआयचं नवं यंत्र आलंय. मला गरज वाटत नाही."

"गरज न्हाई म्हणतात की," बसवराज म्हणाला. "चला घरी. उद्या तीनशे पोरांचा निकाल लावायचाय मला."

तेव्हा जगदेवीवैनी उठल्या. दिवसभरात त्या दहा शब्द बोलत नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, खरं सांगा. फोन लागला व्हता?"

वैनी डोळ्यांत बघून विचारत होत्या. आयुष्यात मी एवढं अवघड खोटं बोललो नाही.

"हाव," मी म्हणालो.

त्यांनी आणखी थोडा वेळ बघितलं. मग बसवराजकडे वळून म्हणाल्या, "रस्त्यापलीकडं चल."

यंत्रापाशी एक डॉक्टरीणबाई होत्या, डॉक्टर अपूर्वा. मूळच्या हिमायतनगरच्या, नोकरी नांदेडला, आठवड्यातून दोन दिवस लातूरला यायच्या. मेंदूचं रक्त अडलं की आत काय काय बदलतं, ह्याचाच त्या अभ्यास करत होत्या. हे कळल्यावर माझा संशय वाढला. अभ्यास करणाऱ्याला पेशंट लागतो, आणि आम्ही पेशंट घेऊन आपल्या पायानं आलो होतो. बाईंनी मास्तरांचे डोळे, हात, जीभ बघितली आणि धातूचं सगळं काढायला सांगितलं. लाल पेन निघालं. घड्याळ मास्तर सोडेनात.

"तास झाला का?" त्यांनी विचारलं.

"झाला, आप्पा," बसवराज म्हणाला आणि पट्टा सोडवला.

आत यंत्र कुणी पत्रे बडवल्यासारखं वाजत होतं. आम्हाला वाटलं आता बराच वेळ लागेल. पण बाईंनी म्हटलं, आधी एकच तपासणी करते, दोन-तीन मिनिटांची. आणि थोड्याच वेळात काचेपलीकडून खूण करून आम्हाला आत बोलावलं.

पडद्यावर मास्तरांचा मेंदू होता, करडा. मागं, खाली, जिथं तोल सांभाळला जातो म्हणे, तिथं भुईमुगाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. नुसता पांढरा नव्हे, दिवा लावल्यासारखा.

"हे काय?" बसवराजनं विचारलं. "तिकडं तर स्वच्छ सांगितलं."

"तो फोटो वेगळा, हा वेगळा," बाई म्हणाल्या. "मेंदूत सगळीकडं पाणी असतं, आणि त्याचे कण एका जागी थांबत नाहीत, सारखे इकडंतिकडं फिरतात. ह्या तपासणीत यंत्र ते फिरणं बघतं. रक्त अडलं की काही मिनिटांत तिथल्या पेशी फुगतात. मधल्या वाटा अरुंद होतात, पाण्याला फिरता येत नाही. जिथं पाणी अडकलं, तिथं उजळ दिसतं."

"तुझ्या क्लासच्या बोळासारखं," मी बसवराजला म्हणालो. "क्लास सुटला की पोरं पांगतात. दोन्हीकडून मोटारसायकली आडव्या लावल्या की जागच्या जागी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हे कोण?"

"शेजारी," बसवराज म्हणाला. "त्यांचं मनावर घेऊ नका."

बाईंनी दुसरं चित्र लावलं. त्यात तो ठिपका नव्हता. "ह्या चित्रात उजळ, ह्यात काहीच नाही. म्हणजे दुखणं ताजं आहे, काही तासांतलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण ते सुरुवातीपासून तीन तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. वेळेत दिलं तरी थोडा धोका असतोच. नाहीच दिलं तर हा ठिपका वाढायचा, आणि तिथून गिळणं, बोलणं, श्वास, काहीही जाऊ शकतं. नेमकी सुरुवात किती वाजता झाली हे यंत्र सांगत नाही. ते तुम्ही सांगायचं. शेवटचे पूर्ण ठीक कधी होते?"

आणि तिघांनी तीन वेळा सांगितल्या.

"पाचपर्यंत बोलत व्हते की," वैनी म्हणाल्या.

"साडेचारपर्यंत नक्की ठीक," बसवराज म्हणाला. "मला तास पाळायला सांगितला त्यांनी."

"चार-दहा," मी म्हणालो. "एक मिनिट इकडं न्हाई, तिकडं न्हाई."

बाईंनी तोच प्रश्न फिरवून तीनदा विचारला, फौजदारानं विचारावा तसा. त्यांना आमच्यापैकी कुणावरच भरवसा नव्हता, आणि मला सगळ्यात कमी भरवशाचं धरलेलं होतं. आम्ही ठरवलेल्या वेळेवर त्या मास्तरांच्या शिरेत औषध सोडणार होत्या. भिंतीवरचं घड्याळ साडेसहा दाखवत होतं.

"वैनी," मी म्हटलं, "वही द्या."

बाईंनी वही घेतली. शेवटची ओळ वाचली. मग मागची पानं उलटली, चौदा वर्षांच्या सरळ ओळी बघितल्या, आणि परत त्या घसरलेल्या ओळीवर आल्या. बोट ठेवून शून्याच्या उघड्या तोंडाशी थांबल्या.

"ह्यांनीच लिहिलं?"

"ह्यांनीच. त्या घटकेलाच. भुई हलली असं वाटून."

"आणि खरंच हलली नव्हती हे कशावरून?"

बसवराज म्हणाला, "काकांनी कचेरीला फोन केला होता."

ज्या काकांचं मनावर घ्यायचं नव्हतं, ते काका. मी छताकडे बघितलं.

बाई उठल्या. "चार-दहापासून तीन तास. सात-दहाला संपतात. चाळीस मिनिटं आहेत."

"तीन तास," बसवराज पुटपुटला. क्लासवाला माणूस तो, एवढंच ऐकल्यावर त्याच्या अंगात काहीतरी जागं झालं. "म्हणजे बोर्डाच्या पेपराएवढा वेळ. आणि आपण सव्वादोन तास नुसता प्रश्न वाचून राहिलो." त्यानं सहीसाठी हात पुढं केला. पेन त्याच्याकडे नव्हतं. मास्तरांच्या लाल पेनानंच सही केली. सहा वाजून बावन्न मिनिटांना औषध सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून डोकावलो तर मास्तर उशीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "रामलिंग. कान धर." थोडं ओढून आलं, पण 'धर' नीट आलं. मी धरला. तिथल्या नर्सला वाटलं, माझा कान दुखतोय.

आता गोष्ट इथं संपवायला हरकत नव्हती, पण बाईंचा अभ्यास होता. त्यांना बाराव्या दिवशी परत चित्र हवं होतं, नांदेडला. बसवराजला शंका, "आप्पावर प्रयोग करून राहिल्यात का?" मलाही होतीच. नांदेडजवळ उमरीला माझी लेक दिलेली आहे, तिच्याकडे जायचं निमित्त काढून मी जीपमध्ये बसलो, मास्तरांवर लक्ष ठेवायला.

जीपमध्ये मास्तर माझ्याशी बोलले नाहीत. कोटाच्या आतल्या खिशात त्यांचं काहीतरी होतं, आणि दर थोड्या वेळानं हात तिथं जात होता. हात आता सरळ जात होता.

नांदेडला बाईंनी नवी चित्रं दाखवली. एका चित्रात तो ठिपका शोधून सापडेना. आजूबाजूच्या मेंदूसारखीच जागा, करडी, शहाणी.

"बरं झालं म्हणायचं," बसवराज म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. "ह्याच्यासाठीच तर बोलावलं. आधी तिथं पाणी अडकलेलं असतं. पुढं पेशी मोडतात आणि पाणी जरुरीपेक्षा मोकळं होतं. अडकल्यापासून मोकळं होईपर्यंत मध्ये काही दिवस असे येतात, की ह्या चित्रात सगळं ठीक दिसतं. ठीक नसतं. तेवढा दाणा गेलेला आहे, तो येणार नाही. पण वाढला नाही. वेळेत आणलंत म्हणून."

म्हणजे यंत्रसुद्धा मधले काही दिवस खोटं बोलतं. मला ती बातमी फार आवडली. मी मास्तरांकडे बघितलं. ते त्या करड्या जागेकडे टक लावून बघत होते.

बाईंनी अभ्यासाचा कागद पुढं केला. पहिलं लक्षण किती वाजता, कुणी बघितलं, खात्री कशी केली. शेवटच्या रकान्यात त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं: भूकंप कार्यालयाकडून दूरध्वनीवर खात्री. मास्तरांनी वाचून सही करायची होती.

मास्तरांनी चष्मा लावला. वाचलं. मग आतल्या खिशातून पोस्टकार्ड काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं, बाकीच्यांना दिसणार नाही असं.

कचेरीचं होतं. मास्तरांनी घरी आल्याआल्या नेहमीप्रमाणे त्या दिवसाची विचारणा केली असणार. साहेबांनी लिहिलं होतं की सदर दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी, तसंच दिवसभरात, कोणतीही हालचाल नोंदली गेली नाही. आणि खाली: आमच्याकडे फोनवरून विचारणा झाल्याचे आपण लिहिता, परंतु कार्यालयाचा दूरध्वनी महिनाभरापासून बंद आहे.

मी कार्ड उलटं केलं. मागं फक्त मास्तरांचा पत्ता होता.

एवढ्या वर्षांत मी पकडला गेलो नव्हतो असं नाही. पण ह्या वेळी मला भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. बसवराज त्या फोनवर विसंबून जीप काढायला उठला होता. फोन खोटा म्हटला की चार-दहाही खोटं, सहीही खोटी, बापाच्या शिरेत गेलेलं औषध म्हणजे थापाड्याच्या शब्दावर लावलेला जुगार. ते औषध लागू पडलं तरी तो मला माफ करणार नव्हता. आणि मास्तर कागदावर चुकीची ओळ राहू देणार नव्हते. त्यांनी माझ्यासमोर स्वतःच्या मुलाला एका मार्कानं नापास केलेलं आहे.

मास्तरांनी पेन उघडलं. दूरध्वनीवर खात्री ह्या शब्दांवर एक सरळ रेघ मारली.

"का हो, आप्पा?" बसवराज म्हणाला.

मास्तरांनी वर लिहायला घेतलं. अक्षर अजून पूर्वीचं नव्हतं, पण ओळ सरळ होती: कार्यालयाकडून लेखी खात्री, पत्र सोबत. मग त्यांनी माझ्या मांडीवरचं कार्ड उचललं, नोंद असलेला वरचा भाग नीट घडी घालून ओढून फाडला आणि तेवढा कागदाला जोडला. खालचा तुकडा खिशात गेला.

"फोनपेक्षा लेखी बरं," ते बाईंना म्हणाले. "सुई हलली न्हाई. रामलिंगनं सांगितलं ते बरोबर होतं."

बसवराजनं मान डोलवली आणि माझ्याकडे जरा आदरानं बघितलं. मला ते पेलवेना.

चाळीस वर्षं ज्यानं पोरांच्या अर्धवट उत्तराला शून्य दिलं, त्यानं अर्धं उत्तर लिहून पूर्ण मार्क घेतले. वर एकही शब्द खोटा नाही. मी आयुष्यभर ह्या कलेत आहे, पण असं काम मला कधी जमलं नाही.

बाहेर येताना जगदेवीवैनी माझ्या शेजारी चालत होत्या. पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "भावजी, तुमच्या फोनात बॅलन्स कधी असतं? लेकीला फोन लावायला तर माझाच मोबाईल मागता."

मी थांबलो. "मग त्या दिवशी दवाखान्यात 'खरं सांगा' का म्हणालात?"

"बघून राहिले होते," वैनी म्हणाल्या, "तुम्ही कितपत ठाम हाव ते."

पुढं जीपपाशी मास्तर वही उघडून उभे होते. चार-दहाच्या त्या घसरलेल्या ओळीपुढं ते काहीतरी लिहीत होते. मी मान वाकडी करून वाचलं. खोडलं नव्हतं. एवढंच जोडलं होतं: जमिनीस नव्हे.